एका वीस अंकी संख्येची बदनामी

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

ही संख्या तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेली आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचं आणि शेवटी सगळे दाणे मोजायचे. येणारं उत्तर म्हणजे ही संख्या. गणिताच्या भाषेत २चा ६४वा घात वजा एक. पुढे मी तिला २^६४ − १ असंच लिहीन. ज्यांनी सी किंवा सी++ मध्ये आयुष्याची चार वर्षं घातली आहेत, त्यांना ती 'अनसाइन्ड लाँग लाँग'ची कमाल मर्यादा म्हणून माहीत असेल. उरलेल्यांना ती व्हॉट्सॲपवरून माहीत आहे, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या तरी ग्रुपवर हा आकडा येतो. कधी राजा आणि बुद्धिबळाच्या गोष्टीबरोबर, कधी काशीच्या मंदिरातल्या सोन्याच्या चकत्यांबरोबर. खाली ठरलेला मजकूर: आपल्या पूर्वजांना हे सगळं हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं, शाळेत मुद्दाम शिकवत नाहीत, अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा. मग हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. पूर्वी हेच सगळं ईमेलने यायचं, तेव्हा निदान चाळीस जणांचे पत्ते वर दिसायचे आणि कोणी कोणाला पिडलंय ते कळायचं!

माझं म्हणणं सरळ आहे. या फॉरवर्डमध्ये त्या संख्येबद्दल 'केवढी मोठी' याखेरीज काहीही नसतं. पूर्वजांबद्दल जे असतं ते बहुतेक चुकीचं असतं. आणि जे खरं आहे, जे ऐकून खरोखर उडायला व्हावं, ते त्यात कधीच नसतं. आता एकेक घेऊ.

आधी काशीचा मनोरा. गोष्ट अशी: काशीच्या एका महान मंदिरात हिऱ्याच्या तीन सुया आहेत. सृष्टीच्या वेळी ब्रह्मदेवाने एका सुईत सोन्याच्या ६४ चकत्या ओवल्या, सगळ्यात मोठी तळाला. पुजारी रात्रंदिवस एकेक चकती हलवताहेत, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही असा नियम. सगळ्या चकत्या दुसऱ्या सुईवर पोचल्या की जगाचा अंत. चाली किती लागतील? बरोबर, २^६४ − १. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,४५० कोटी वर्षं. विश्वाचं आजचं वय १,३८० कोटी वर्षांच्या आसपास धरतात, म्हणजे त्याच्या साधारण ४२ पट. तेव्हा काळजी नसावी.

गोष्ट झकास आहे, फक्त ती फ्रान्समधली आहे. १८८३ साली पॅरिसमध्ये 'हनोईचा मनोरा' नावाचं एक लाकडी खेळणं विकायला आलं. त्यावर शोधकर्त्याचं नाव होतं सियामचे प्राध्यापक एन. क्लॉस, ली-सू-स्तियाँ महाविद्यालय. असा कोणी प्राध्यापक नव्हता आणि असं महाविद्यालयही नव्हतं. त्या फ्रेंच अक्षरांची अदलाबदल केली की 'आमियाँचा ल्युका' आणि 'सँ-लुई' ही नावं निघतात. एद्वार ल्युका हा फ्रेंच गणिती, जन्मगाव आमियाँ, नोकरी पॅरिसच्या सँ-लुई शाळेत. खेळण्याला जरा पौर्वात्य मसाला लागावा म्हणून सियाम, हनोई आणि काशी एकाच भांड्यात टाकून फोडणी दिलेली. पुढच्याच वर्षी आंरी द पार्विल या विज्ञानलेखकाने काशीची कथा सविस्तर रंगवून छापली, आणि १८९२ साली राऊझ बॉल या इंग्रज गणितज्ञाने ती गणिती करमणुकीच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात घेतली. तिथून ती जगभर गेली आणि फिरत फिरत आपल्याकडे 'प्राचीन वारसा' म्हणून परत आली. १८८३च्या मागे जाणारा कुठलाही आधार आजवर कोणी दाखवलेला नाही.

हे जरा डोळ्यांसमोर आणा. एका फ्रेंच माणसाने खेळणं खपवण्यासाठी आपल्याला गूढ पुजाऱ्यांचा देश बनवलं, आणि आपण त्याचाच अभिमान म्हणून फॉरवर्ड करतोय. त्याची थट्टा आपल्या लक्षातच आली नाही, उलट तिला आपण हार घातला.

आता बुद्धिबळ. इथे मामला थोडा वेगळा आहे. बुद्धिबळाचं मूळ आपल्या चतुरंगात आहे हे जगभरचे अभ्यासक मानतात, त्यात वाद नाही. पण दाण्यांची गोष्ट लेखी स्वरूपात सापडते ती अरबी ग्रंथांत: नवव्या शतकातल्या याकूबीकडे आणि तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकानकडे. गोष्टीतला राजा हिंदुस्थानचा आहे, सांगणारे अरब आहेत. इ.स. १०००च्या सुमारास अल्‌ बेरुनीने हीच बेरीज वर्गाचा वर्ग करत झटपट काढण्याची रीत लिहून ठेवली. केरळात अंबलप्पुळाच्या कृष्णमंदिरात हीच गोष्ट तांदळाच्या दाण्यांनी सांगतात, आणि तिथला पायसाचा नैवेद्य तिच्याशी जोडतात. लोककथा म्हणून फारच गोड आहे. ती लोककथा म्हणून सांगा ना! तिला 'वेदांत लिहिलंय' असं शेपूट का लावायचं?

बरं, हे झालं वंशावळीबद्दल. पण माझा खरा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. या सगळ्या फॉरवर्डमध्ये संख्येचं कौतुक एकच असतं, ती मोठी आहे.

आहेच मोठी. गव्हाचा दाणा ४० मिलिग्रॅमचा धरला तर एकूण गहू होतो सुमारे ७३,८०० कोटी टन. आज सगळ्या जगात वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो, म्हणजे नऊशे वर्षांहून जास्त काळाचं पीक. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) एक, दहा, शंभरपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना नावं आहेत. आपली संख्या त्या यादीच्याही बाहेर जाते: १८४ परार्ध आणि वर काही. झालं. एकदा 'बापरे' म्हणून संपतं. कारण मोठं असणं हा काही गुण नाही. तिच्यात एक मिळवा, आणखी मोठी होईल.

मोठेपणाला किती कमी अर्थ आहे याचा एक दाखला देतो. २^६४ − १ चे अवयव पाडायला एका संध्याकाळी कागद-पेन्सिल पुरते, कसं ते पुढे सांगतोच. आता फक्त तीन घरं पुढे जा: २^६७ − १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मर्सेनने १६४४ साली ही मूळ संख्या आहे असं लिहिलं होतं. १८७६ साली ती मूळ नाही हे सिद्ध झालं, पण अवयव कोणालाच सापडेनात. ते सापडले १९०३ साली, अमेरिकेतल्या फ्रँक नेल्सन कोल याला: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. यासाठी त्याचे तीन वर्षांचे रविवार गेले असं सांगतात. दोन संख्या, एक वीस अंकी आणि एक एकवीस अंकी. एक हात लावताच सुटी होते, दुसरी अडीचशे वर्षं दाद देत नाही. या दोघींत फरक आहे तो बांधणीचा. आणि संख्येबद्दल बोलायचं तर बांधणीबद्दल बोललं पाहिजे.

मध्येच एक खास जमात येते, अंकांची बेरीज करणारी. १+८+४+४+६... केली की ८७ येतात, मग १५, मग ६. आणि सहा म्हणजे शुक्र, वगैरे. अहो, हे ६ त्या संख्येचे नाहीतच, ते आपल्या दहा बोटांचे आहेत! आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून ते अंक तसे दिसतात. हीच संख्या मशीनच्या षोडशमान पद्धतीत लिहिली तर ओळीने सोळा 'एफ' येतात, आणि द्विमान पद्धतीत नुसते चौसष्ट एकडे. शुक्र कुठे गेला मग? संख्येचा गुण तो, जो लिपी आणि पद्धत बदलली तरी जात नाही. अंकांचे खेळ वाईट असतात असं मी म्हणत नाही. देवळालीच्या शाळेतले द. रा. कापरेकर मास्तर अंकांशीच खेळायचे, आणि त्यांचा ६१७४ आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखला जातो. पण खेळता खेळता मास्तर नियम शोधत होते, त्यांना त्यातून कोणाचं भविष्य सांगायचं नव्हतं. फरक तेवढाच, पण तेवढाच महत्त्वाचा.

तर मंडळी, आता बांधणी पाहू. घाबरू नका, शाळेतल्या एका सूत्रापलीकडे काही लागत नाही: दोन वर्गांची वजाबाकी. क्ष^२ − १ = (क्ष − १)(क्ष + १). बस.

२^६४ हा २^३२ चा वर्ग आहे. म्हणून २^६४ − १ = (२^३२ − १)(२^३२ + १). पहिल्या कंसात पुन्हा तेच: २^३२ हा २^१६ चा वर्ग. पुन्हा फोडा. मग पुन्हा. शेवटी हाती येतं ते असं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

डावीकडून गुणत या. ३ × ५ = १५. गुणिले १७ = २५५. गुणिले २५७ = ६५५३५. गुणिले ६५५३७ = ४२९४९६७२९५. ओळखीचे वाटतात ना? चार बिट, आठ बिट, सोळा बिट, बत्तीस बिट यांच्या कमाल मर्यादा आहेत या. आपण रोज ऑफिसात ज्या संख्यांशी डोकं फोडतो त्या एकमेकींच्या पोटात अशा बसलेल्या आहेत. आणि हा दशमान-द्विमानाचा चमत्कार नाही. आपल्या नेहमीच्या पद्धतीतही ११११ = ११ × १०१ आणि ११११११११ = ११ × १०१ × १०००१. करून पाहा. एकड्यांची ओळ मधोमध तुटते, मग पुन्हा मधोमध तुटते, एवढंच गुपित.

आता पूर्वजांकडे येतो, कारण मला त्यांचा अभिमान नाही असं कोणी समजू नये.

पिंगलाचं छंदशास्त्र. काळ नक्की सांगता येत नाही, पण इसवी सनाच्या आधीचा धरतात. प्रश्न असा: एका चरणात इतकी इतकी अक्षरं असतील, आणि प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु असेल, तर एकूण वृत्तं किती? (शाळेत 'यमाताराजभानसलगा' पाठ केलेलं आठवतंय? तीन अक्षरांचे आठ गण, म्हणजे २^३.) चौसष्ट अक्षरांच्या चरणाला २^६४. पण पिंगल नुसतं 'दोनदा दोनदा गुणा' म्हणून थांबत नाही. तो काढण्याची रीत देतो. संख्या सम असेल तर निम्मी करा आणि '२' लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि शून्य लिहा. शून्य हाती येईपर्यंत हे चालू ठेवा. मग उलट या: शून्य लिहिलं असेल तिथे दुप्पट, दोन लिहिले असतील तिथे वर्ग.

६४ घ्या. निम्मे ३२, १६, ८, ४, २, १, मग एक वजा करून शून्य. आता उलट: एकाची दुप्पट २, आणि पुढे सहा वेळा वर्ग:

२, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि शेवटी १८४४६७४४०७३७०९५५१६१६.

त्रेसष्ट गुणाकारांऐवजी एक दुप्पट आणि सहा वर्ग. काम झालं. आज तुम्ही ब्राउझरमध्ये बँकेची साइट उघडता तेव्हा एनक्रिप्शनच्या आत हेच, म्हणजे निम्मे करा आणि वर्ग करा, अजस्र घातांवर चालू असतं. संगणकशास्त्राचे डोनाल्ड कनुथ यांनी आपल्या ग्रंथात या रीतीचा इतिहास सांगताना पिंगलाचा उल्लेख केलेला आहे. एवढंच नाही, २ + ४ + ८ असं शेवटपर्यंत मिळवलं तर बेरीज किती, याचाही नियम पिंगलाकडे आहे: शेवटच्या संख्येची दुप्पट वजा दोन. दाण्यांच्या गोष्टीतलं सगळं गणित यात आलं, तेही राजा आणि गहू यांच्याशिवाय.

आणि आता ती गंमत, जिच्यासाठी हा एवढा प्रपंच. पिंगलाच्या ओळीतला शेवटचा आकडा सोडा. उरलेल्या सहांत प्रत्येकी एक मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७. हेच तर आपल्या संख्येचे अवयव! वर्ग करत वर चढताना ज्या पायऱ्या लागल्या, त्यांच्या शेजारचेच आकडे गुणले की पटावरचे सगळे दाणे मिळतात. का, ते वरच्या सूत्रात आहे. चढताना वर्ग केला, उतरताना वर्ग फोडला.

लगेच सांगून ठेवतो, पिंगलाला हे अवयव माहीत होते असा कोणताही पुरावा नाही आणि माझा तसा दावाही नाही. उद्या हे माझ्याच नावावर फॉरवर्ड होऊन आलं तर याद राखा :)

या अवयवांचा इतिहास युरोपातला आहे, आणि तो तिथलाच ठेवू. १६४०मध्ये पिएर द फर्माला या संख्या भेटल्या. ३, ५, १७, २५७, ६५५३७ पाचही मूळ. त्याला वाटलं पुढच्याही सगळ्या मूळच असणार. ४२९४९६७२९७चं काय, हे तपासायला जवळपास शंभर वर्षं आणि ऑयलर लागला. १७३२ साली त्याने दाखवलं: ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. त्याची युक्ती बघा. तो आंधळेपणाने भाग देत बसला नाही. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४च्या पाढ्यातल्या संख्येपेक्षा एकने जास्त असला पाहिजे, हे त्याला कळलं. मग उमेदवार उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात खेळ खलास.

६४१ने भाग जातो हे कॅल्क्युलेटरशिवाय पटवता येतं. ६४१ = ५ × २^७ + १. आणि ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. पहिल्यावरून, ६४१ने भागल्यास ५ × २^७ची बाकी −१. चौथा घात करा: ५^४ × २^२८ची बाकी १. दुसऱ्यावरून, ५^४च्या जागी −२^४ चालतं. म्हणजे −२^३२ची बाकी १. म्हणजेच २^३२ + १ला ६४१ने पूर्ण भाग जातो. चार ओळी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचा अर्धा तास दुसरं काही सुचलं नाही.

मग १७९६मध्ये एकोणिसाव्या वर्षात असलेल्या गाऊसने दाखवलं की नुसत्या पट्टी आणि कंपासने १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो, आणि असे विषम बाजूंचे बहुभुज या फर्माच्या मूळ संख्यांशीच बांधलेले आहेत. आज ठाऊक असलेल्या फर्मा मूळ संख्या तेवढ्याच पाच आहेत. पुढच्या ज्या ज्या निकाली निघाल्या त्या सगळ्या फुटल्या. म्हणून पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या, माहीत असलेल्या बहुभुजांत विषम बाजूंचा सर्वांत मोठा किती बाजूंचा? ४२९४९६७२९५. बत्तीस बिटांची कमाल मर्यादा! भूमिती आणि आपलं रजिस्टर एका आकड्यावर येऊन भेटतात, आणि ग्रुपवर चर्चा कशाची, तर गव्हाच्या पोत्यांची.

आणखी एक. या सहाही अवयवांत एकमेकांशी सामायिक असं काहीच नाही. कारण प्रत्येक फर्मा संख्या ही तिच्या आधीच्या सगळ्यांच्या गुणाकारापेक्षा दोनने जास्त असते (१७ = ३ × ५ + २, २५७ = ३ × ५ × १७ + २). दोघींना एकाच संख्येने भाग जात असेल तर तिने २लाही भाग जायला हवा, आणि या सगळ्या तर विषम. म्हणजे ही ओळ पुढे जाईल तशी प्रत्येक पायरीला नवी मूळ संख्या द्यावीच लागते. ओळ न संपणारी, म्हणून मूळ संख्याही न संपणाऱ्या. १७३० साली गोल्डबाखने ऑयलरला लिहिलेल्या पत्रात ही कल्पना आहे. पटावरच्या दाण्यांतून थेट अनंतापर्यंत, चार वाक्यांत.

आणि तो ल्युका आठवतोय का, खेळणंवाला? त्यानेच १८७८मध्ये ऑयलरची अट आणखी घट्ट केली: अवयव १२८च्या पाढ्यातल्या संख्येपेक्षा एकने जास्त हवा. मग उमेदवार उरतात फक्त २५७ आणि ६४१, आणि २५७ तर स्वतःच फर्मा संख्या म्हणून बाद. पहिल्याच फटक्यात ६४१! २^६७ − १ मूळ नाही हे १८७६ साली दाखवणाराही तोच. त्याच वर्षी २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ आहे हे त्याने यंत्राशिवाय, हाताने सिद्ध केलं. या माणसाचं खरं काम आपल्यापर्यंत पोचलं नाही. त्याने खेळण्याच्या जाहिरातीसाठी मारलेली थाप तेवढी पोचली, तीही आपल्या पूर्वजांच्या नावावर. पिंगलाचं खरं काम राहिलं बाजूला आणि ल्युकाचंही. दोघांवर एकाच फॉरवर्डने अन्याय.

आता नेहमीचा आक्षेप. "अरे, पण बिघडलं काय? गोष्ट खोटी का असेना, मुलांना गणिताची गोडी तर लागते. आणि लोकांना आपल्या देशाचं चांगलं वाटलं तर तुझं काय जातं?"

आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. गोष्टींनी गोडी लागते, हे खरंच आहे. मनोऱ्याचं खेळणं मुलांच्या हाती जरूर द्या. रिकर्शन शिकवायला त्यापेक्षा चांगलं काही मला माहीत नाही. पण गोष्ट 'गोष्ट' म्हणून सांगितली की मूल विचारतं, मग पुढे? आणि तीच गोष्ट अभिमान म्हणून सांगितली की 'कुठे लिहिलंय?' हा प्रश्नच अपमान ठरतो. ज्या प्रश्नावर सगळं गणित उभं आहे, नेमका तोच प्रश्न आपण घरात बंद करतो. फर्मासारख्या माणसाचं म्हणणंही कोणीतरी तपासलं, म्हणून ६४१ सापडला. फर्माचा मान त्याने कमी झाला नाही.

आणि जातं काय, ते सांगतो. माझ्या टीममधल्या एका हुशार मुलाला मी जेवताना पिंगलाची ही रीत सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "सर, हेपण व्हॉट्सॲपवरचंच का?" त्याला दोष कसा देणार? दहा खोट्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला अकरावी खरी गोष्टही त्याच पंगतीतली वाटते. खोट्या नाण्यांचं नुकसान खऱ्या नाण्यालाच सोसावं लागतं. शेवटी मी पेपर नॅपकिनवर ६४ निम्मे करत गेलो आणि उलट वर्ग करत आलो, तेव्हा कुठे तो गप्प झाला आणि नॅपकिन खिशात घालून गेला.

जे उलट्या टोकाला जाऊन 'प्राचीन भारत' म्हटलं की नाक मुरडतात, त्यांचंही मला हेच सांगणं आहे. तुम्हीही तपासत नाही. फॉरवर्ड करणारा न वाचता 'वा' म्हणतो, तुम्ही न वाचता 'हॅ' म्हणता. मेहनत दोघांचीही सारखीच: शून्य.

असो. उपदेश फार झाला. एवढंच करा. पुढच्या वेळी हा आकडा ग्रुपवर आला की भांडू नका, भांडून कोणी सुधारत नाही हे मी स्वानुभवाने सांगतो. नुसतं विचारा, "याचे अवयव काय हो?" आणि उत्तर आलं नाही तर एक कोरा कागद घ्या, २ लिहा, आणि वर्ग करायला लागा. चौथ्या पायरीपर्यंत तोंडी जमतं, पाचवीला पेन लागतं, सहावीला चहा लागतो. शनिवारची दुपार मस्त जाते.